वॉकमनला दोन जॅक कशाला?

रविवारची सकाळ आहे. तुम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात, नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात नुसतेच फिरताय. पाने, पकडी, बंद पडलेली घड्याळं, चार्जरच्या गुंतलेल्या वायरी आणि या सगळ्याच्या मधोमध एक काळी डबी. उचलून बघता, तर वॉकमन! आईबाबांच्या कॉलेजच्या फोटोत कमरेला लावलेला दिसतो ना, तोच. विकणारा सांगतो, एकदम चालू आहे.

घ्या, बिनधास्त घ्या. पण पैसे देण्याआधी चार गोष्टी बघा. बाजारात जाताना खिशात दोन पेन्सिल सेल, एक कॅसेट आणि स्वतःचा वायरवाला हेडफोन ठेवा. आधी सेलचं झाकण उघडा. आतल्या पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर जुना सेल आत फुटलाय. पूड थोडी असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून निघते. पत्राच खाल्ला गेला असेल तर सोडून द्या. मग कॅसेट लावा. गाणं रडत, ओढत वाजलं तर आतला रबरी बेल्ट सैल झालाय. तो बदलता येतो, पण भाव पाडायला हे कारण पुरेसं आहे. आवाज दोन्ही कानांत येतोय का, फॉरवर्ड-रिवाइंड चालतंय का, हेही बघा. काही नंतरच्या मॉडेलना च्युइंगगमच्या पट्टीसारखा चपटा सेल लागतो, तो आता सहज मिळत नाही. म्हणून साधा पेन्सिल सेल घेणाराच बरा. घरी आल्यावर कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टेप जिथे घासते ते हेड आणि रबरी रोलर हलक्या हाताने पुसा. काडी तपकिरी झालेली दिसेल. तेवढ्यानेच दबलेला आवाज एकदम मोकळा होतो.

आता हेडफोनची पिन घालायची जागा बघा. तुमच्या डबीला बहुतेक एकच असेल. पण १९७९ मध्ये आलेल्या सगळ्यात पहिल्या वॉकमनला दोन होत्या, शेजारी शेजारी. एकट्याने ऐकायच्या यंत्राला दोन जॅक कशाला? याचं उत्तर इंजिनीअरिंगच्या पुस्तकात नाही. ते एका माणसाच्या स्वभावात आहे. त्याचं नाव अकिओ मोरिता. सोनी कंपनी उभी करणाऱ्या दोघांपैकी एक.

थोरल्या मुलाने गादी सोडली

अकिओचा जन्म २६ जानेवारी १९२१ चा, जपानमधल्या नागोया शहरातला. घरचा धंदा साकेचा, म्हणजे तांदळापासून बनणाऱ्या जपानी मद्याचा. त्याच्या जोडीला सोया सॉस आणि मिसो. १६६५ पासून चालत आलेला हा व्यवसाय. अकिओ थोरला मुलगा. म्हणजे करिअर काय करायचं हा प्रश्नच नव्हता. जन्माला आला तेव्हाच उत्तर ठरलेलं. दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून वडील त्याला कारखान्यात आणि मीटिंगला घेऊन बसायचे. मोठी माणसं हिशेब बोलतायत आणि हा पोरगा गप्प बसून ऐकतोय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

पण घरात आणखी एक वस्तू होती. आईला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची आवड, म्हणून ग्रामोफोन होता. पुढे वडिलांनी विजेवर चालणारा नवा फोनोग्राफ आणला. तीच रेकॉर्ड, तेच गाणं, पण आवाज पार वेगळा. पोरगा चाट पडला. हे कशामुळे होतं, या प्रश्नाने त्याला जे पछाडलं ते कायमचं. मासिकं आणून वाचायची, वायरी जोडायच्या, स्वतःचा रेडिओ बनवायचा. याचा निकाल काय लागला असेल, ते तुम्हाला सांगायला नको. मार्क धडाधड घसरले. पुढच्या शिक्षणाला हव्या त्या ठिकाणी प्रवेश मिळवायला त्याला वर्षभर घरी बसून घासावं लागलं. आपल्या भाषेत सांगायचं तर गडी ड्रॉप घेऊन बसला. मग प्रवेश मिळाला आणि पुढे ओसाकाच्या विद्यापीठात त्याने भौतिकशास्त्र घेतलं.

१९४४ मध्ये पदवी मिळाली तेव्हा युद्ध पेटलेलं होतं. मोरिता नौदलाच्या संशोधन विभागात गेले. तिथे एका समितीवर त्यांची गाठ मासारु इबुका नावाच्या इंजिनीअरशी पडली. इबुका त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. दोघांचं जमलं ते जमलंच.

युद्ध संपलं. टोकियो बेचिराख झालेलं. एका पडझड झालेल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यावर इबुकांनी रेडिओ दुरुस्तीचं काम सुरू केलं. त्याबद्दल पेपरात चार ओळी छापून आल्या, त्या मोरितांनी वाचल्या आणि पत्र पाठवलं. दोघांनी मिळून कंपनी काढायचं ठरवलं. अडचण एकच. थोरला मुलगा घरचा धंदा सोडून दुसरीकडे जाणार, हे त्या काळच्या जपानमध्ये आई-वडिलांना सहजासहजी सांगायची गोष्ट नव्हती. म्हणून इबुका आपल्या सासऱ्यांना बरोबर घेऊन मोरितांच्या गावी गेले. एखाद्या स्थळासाठी बोलणी करायला जावं तसे! ते सासरे देशाचे माजी शिक्षणमंत्री होते. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि होकार दिला. गादी धाकट्या भावाकडे गेली. नुसता होकारच नाही, पुढे वडिलांनी कंपनीला अडीअडचणीला पैसेही दिले.

७ मे १९४६. भांडवल एक लाख नव्वद हजार येन, माणसं वीसेक. नाव होतं टोकियो त्सुशिन कोग्यो. कंपनीचं नाव सोनी व्हायला अजून बारा वर्षं होती.

फुलदाणीचा धडा

त्याआधी इबुकांनी एक विजेवरचा भात शिजवायचा डबा करून बघितला होता. लाकडी बादली आणि तळाला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. भात एकतर कच्चा राहायचा, नाहीतर करपायचा. तो डबा काही विकला गेला नाही. मग दोघांनी टेपरेकॉर्डर बनवायला घेतला. देशात प्लास्टिकची टेप मिळत नव्हती. म्हणून कागदाच्या पट्ट्या कापल्या. त्यावर लावायची चुंबकीय पूड चक्क तव्यात भाजून तयार केली आणि मऊ केसांच्या ब्रशने हातांनी फासली. १९५० मध्ये त्यांचा टेपरेकॉर्डर बाजारात आला. वजन सुमारे पस्तीस किलो, किंमत एक लाख साठ हजार येन.

मोरिता तो गाडीत घालून गावभर फिरले. लोकांचे आवाज टेप करून त्यांनाच ऐकवायचे. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे. घेत कुणीच नव्हतं.

एक दिवस ते टोकियोतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानाजवळून जात होते. आत एक गिऱ्हाईक जुनी फुलदाणी घेत होतं आणि तिच्यासाठी टेपरेकॉर्डरपेक्षा जास्त पैसे मोजत होतं. मोरिता बघतच राहिले. त्यांच्या दृष्टीने फुलदाणी ती काय आणि इतकं गुंतागुंतीचं यंत्र ते काय! पण त्या माणसाला फुलदाणीचं मोल कळत होतं. टेपरेकॉर्डरचं मोल मात्र आपण कुणाला समजावूनच सांगितलेलं नाही, हे त्या दिवशी मोरितांच्या लक्षात आलं. आपलं यंत्र कुणाच्या कोणत्या अडचणीला उपयोगी पडेल, ते त्यांनी शोधायला घेतलं. युद्धानंतर कोर्टात लघुलिपी लिहिणाऱ्यांची टंचाई होती. टेपरेकॉर्डर तिथे गेला आणि वीसेक यंत्रं एका दमात खपली. मग शाळांकडे मोर्चा वळला.

तुम्ही सेकंड-हँड बाजारात उभे आहात म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली. एकाला भंगार वाटणाऱ्या डबीसाठी दुसरा खुशीने पैसे का मोजतो, हे मोरिता अशाच एका दुकानाबाहेर शिकले.

मोठी ऑर्डर, साफ नकार

अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता. त्याचं लायसन्स पंचवीस हजार डॉलरना मिळत होतं. लहानशा कंपनीसाठी ही रक्कम डोंगराएवढी. लायसन्स देणाऱ्यांनी वर सल्लाही दिला की याचा उपयोग कानाच्या मशीनपलीकडे फारसा व्हायचा नाही. या दोघांना मात्र रेडिओ करायचा होता. १९५५ मध्ये जपानचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ त्यांनी बाजारात आणला. १९५७ चं मॉडेल खिशात मावेल अशी जाहिरात केली, पण ते साध्या शर्टाच्या खिशापेक्षा किंचित मोठं होतं. मग काय केलं? विक्रेत्यांसाठी मोठ्या खिशाचे शर्ट शिवून घेतले! जुगाड फक्त आपल्याकडेच होतो असं समजू नका.

पण मोरितांचा खरा कस लागला तो १९५५ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. बुलोव्हा या मोठ्या कंपनीने एक लाख रेडिओंची ऑर्डर देऊ केली. अट एकच, रेडिओवर नाव बुलोव्हाचं असेल. ऑर्डर इतकी मोठी होती की कंपनीचं नशीबच पालटलं असतं. टोकियोहून सहकाऱ्यांचा निरोप आला की घेऊन टाका. मोरितांनी नकार दिला. आज दुसऱ्याच्या नावावर विकलं तर आपलं नाव कधीच उभं राहणार नाही, हा त्यांचा हिशेब. तेव्हा त्यांचं वय होतं चौतीस आणि अमेरिकेत त्यांना ओळखणारं जवळपास कुणी नव्हतं. पुढे आयुष्यभर ते या नकाराला आपला सगळ्यात चांगला निर्णय मानत आले.

१९५८ मध्ये कंपनीचंच नाव सोनी झालं. आवाजासाठीचा लॅटिन शब्द आणि चुणचुणीत पोराला लाडाने म्हणतात तो इंग्रजी शब्द, या दोन्हींतून ते जुळवलेलं. जगात कुणालाही म्हणता यावं, एवढीच अपेक्षा होती. अमेरिकेतली माणसं कशी राहतात ते कळल्याशिवाय तिथे माल विकता येणार नाही, म्हणून १९६३ मध्ये मोरिता बायको-मुलांसह न्यूयॉर्कला राहायलाच गेले.

आणि १९६६ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिलं, जे तुम्हाला आवडेल. विषय असा की माणसाची किंमत त्याच्या कॉलेजच्या नावावरून ठरवू नका. नामांकित विद्यापीठाचा शिक्का बघून नोकरी देण्याचा तो काळ. मार्क घसरलेला, वर्षभर घरी बसून अभ्यास केलेला तो मुलगा आता शेकडो लोकांना नोकरीवर घेत होता आणि स्वतःचं ते वर्ष विसरला नव्हता.

बटण काढलं, गाणं राहिलं

आता येऊ तुमच्या डबीकडे. १९७८-७९ चा सुमार. इबुका आता सत्तरीला आलेले. त्यांना विमानप्रवासात संगीत ऐकायची सवय, पण सोनीचा जो स्टिरिओ टेपरेकॉर्डर ते बरोबर नेत तो जड होता. त्यांनी सांगितलं, मला नुसतं ऐकायला काहीतरी लहानसं करून द्या. इंजिनीअरांनी पत्रकारांसाठी बनवलेला एक छोटा टेपरेकॉर्डर घेतला. त्यातला रेकॉर्डिंगचा भाग काढला, स्पीकर काढला आणि स्टिरिओ आवाजाची सोय बसवली. कंपनीच्याच दुसऱ्या विभागात जेमतेम पन्नास ग्रॅमचा हेडफोन तयार होत होता, तो याला जोडला. इबुका ते घेऊन मोरितांकडे आले.

मोरितांनी तो घरी नेऊन ऐकला आणि त्यांना ते सगळं आठवलं जे ते काही वर्षं बघत होते. न्यूयॉर्कमध्ये आणि टोकियोत पोरं भलेमोठे टेपरेकॉर्डर खांद्यावर घेऊन फिरत. त्यांची स्वतःची मुलगी प्रवासाहून घरी आली की आईशी बोलायच्या आधी वर पळायची आणि आपली कॅसेट लावायची. तरुणांना गाण्यापासून लांब राहवत नाही, ही गोष्ट त्यांना कुठल्या सर्व्हेने सांगितली नव्हती. ती त्यांना घरातच दिसली होती.

ऑफिसात मात्र विरोध झाला. रेकॉर्डिंग नसलेला टेपरेकॉर्डर घेणार कोण, असं विक्री विभागाचं म्हणणं. मोरितांचं उत्तर साधं होतं. गाडीतल्या टेपवरही रेकॉर्डिंग होत नाही, तरी लोक तो घेतातच ना. त्यांनी फेब्रुवारी १९७९ मध्ये माणसं बोलावली आणि मुदत दिली. विद्यार्थ्यांच्या उन्हाळी सुट्टीआधी हे दुकानात हवं. म्हणजे ही वस्तू पहिल्या दिवसापासून तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी होती. किंमतही त्यांनाच झेपायला हवी, म्हणून ती तेहतीस हजार येन ठरली. नाही खपलं तर जबाबदारी माझी, असं मोरितांनी सांगून टाकलं.

१ जुलै १९७९ ला वॉकमन दुकानात आला. तीस हजार नग तयार होते. पहिल्या महिन्यात खपले जेमतेम तीन हजार. कल्पना करा, त्या महिन्यात ऑफिसात काय कुजबुज झाली असेल! मग कंपनीची तरुण माणसं वॉकमन कानाला लावून टोकियोच्या गर्दीत आणि रविवारी लोकल गाड्यांतून फिरू लागली. भेटेल त्याच्या कानाला हेडफोन लावायचा, बस्स. ऑगस्ट संपता संपता तीस हजार संपले. 'वॉकमन' हे मोडकंतोडकं इंग्रजी नाव मोरितांना आधी आवडलं नव्हतं. पण ते परदेशातून परतले तोवर छपाई होऊन गेली होती. काही देशांत वेगळी नावं देऊन बघितली, पण शेवटी हेच नाव जगभर चाललं.

दुसरा जॅक

पण आपला प्रश्न राहिलाच. दोन जॅक कशाला?

मोरिता घरी वॉकमनची चाचणी घेत होते तेव्हा त्यांच्या बायकोला ते खटकलं. नवरा समोर बसलाय, पण आपल्याला काही ऐकू येत नाही आणि आपलं त्याला ऐकू जात नाही. मोरितांनाही वाटलं, चार माणसांत एकट्यानेच गाणं ऐकत बसणं हा उद्धटपणाच की. म्हणून त्यांनी इंजिनीअरांना दुसरा जॅक बसवायला लावला. शिवाय एक नारिंगी बटणही आलं. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी होतो आणि छोट्या माइकमधून दोघं हेडफोन न काढता एकमेकांशी बोलू शकतात. ज्या माणसाने एकट्याने ऐकायचं यंत्र जगाला दिलं, त्याला एकटेपणाचीच धास्ती होती.

आणि इथे त्यांचा अंदाज चुकला. लोकांनी दुसरा जॅक फारसा वापरलाच नाही. दोघांत एक घेण्याऐवजी प्रत्येकाने आपापला घेतला. नंतरच्या मॉडेलमधून दुसरा जॅक गेला, नारिंगी बटणही गेलं. मोरितांनी ते मान्य केलं. जशी लोकांना बघून वस्तू केली, तशीच लोकांना बघून बदलली.

सगळ्याच चुका इतक्या स्वस्तात सुटल्या नाहीत. १९७५ मध्ये सोनीने बीटामॅक्स व्हिडिओ आणला. चित्र चांगलं, पण सुरुवातीच्या टेपवर तासाभराचंच रेकॉर्डिंग व्हायचं. वर्षभराने आलेल्या व्हीएचएसवर दोन तास मावायचे आणि ते बनवायला अनेक कंपन्या एकत्र आल्या. १९८८ मध्ये सोनीलाही व्हीएचएस बनवायला घ्यावं लागलं. वॉकमनच्या कल्पनेवरही वाद झाला. आंद्रेआस पावेल नावाच्या माणसाने १९७७ मध्येच अंगावर वागवायच्या स्टिरिओसाठी इटलीत पेटंटचा अर्ज केला होता. तो वर्षानुवर्षं भांडला आणि शेवटी सोनीने त्याच्याशी तडजोड केली. मोरितांची गोष्ट सांगताना हे गाळलं तर ती अर्धीच राहील.

नोव्हेंबर १९९३ मध्ये टेनिस खेळताना मोरितांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी अध्यक्षपद सोडलं. जगभर फिरून बोलणाऱ्या माणसाचं शेवटचं दिवस चाकाच्या खुर्चीत गेले. ३ ऑक्टोबर १९९९ ला टोकियोत त्यांचं निधन झालं, वय अठ्ठ्याहत्तर. इबुका दोन वर्षं आधीच गेले होते. कॅसेटवाल्या वॉकमनची जपानमधली विक्री २०१० मध्ये थांबली.

आता डबी तुमच्या हातात आहे. तिच्यात नोटिफिकेशन येत नाही. पुढचं गाणं हवं तर अंदाजाने फॉरवर्ड करावं लागतं, नाहीतर न आवडणारंही ऐकावं लागतं. एक बाजू संपली की टक् करून थांबते आणि कॅसेट उलटी करायला उठावं लागतं. सेल वाचवायचे असतील तर कॅसेटच्या चाकात पेन्सिल घालून गरागरा फिरवा, ही युक्ती बाबांना विचारा, ते खुश होतील.

आणि एक करा. एका पिनचे दोन जॅक करणारी छोटी वायर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, तीही घ्या. हॉस्टेलच्या गच्चीवर, एसटीच्या मागच्या सीटवर, कुठेही, दुसरा हेडफोन कुणालातरी द्या. पंचेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने ती जागा मुद्दाम ठेवली होती. तेव्हा ती फारशी कुणी वापरली नाही. तुम्ही वापरून बघा.